सरमेची फिर्याद

महाभारताच्या आरंभी, कौरव-पांडवांच्या वैराची सविस्तर कथा अद्याप सुरू व्हायची असताना, एका कुत्र्याची हकीकत येते. जनमेजय राजा आपल्या तिघा भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत असता देवशुनी सरमेचा पुत्र तेथे येतो. यज्ञातील हविर्द्रव्याकडे तो पाहत नाही, ते चाटत तर नाहीच, तरीही राजबंधू त्याला बडवून हाकलून देतात. आणि रडत आलेल्या त्या मुलासाठी सरमा थेट सत्रमंडपात जाऊन, कसूर नसता याला का मारले, असा रोकडा जाब विचारते. ऋत्विजांनी भरलेल्या त्या मंडपात तिला उत्तर देणारा एकही निघत नाही, आणि न दिसणारे भय तुमच्यावर ओढवेल असा शाप देऊन ती निघून जाते. निरपराध प्राण्याच्या वाट्याला दुःख का यावे, हा धर्मविचारातील सर्वांत अवघड प्रश्न व्यासांनी ग्रंथाच्या उंबरठ्यावरच, आणि तोही एका कुत्रीच्या तोंडी, घालावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ ग्रंथातला राहिलेला नाही. आमच्या घरी जो गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा आहे त्याला इक्थिओसिस नावाचा आनुवंशिक त्वचाविकार आहे. रोज सकाळी व्हरांड्यात जुना पंचा अंथरून त्याला विंचरू लागले की फणीच्या दातांतून पांढुरके, करडे, मऊ खवले सुटत जातात आणि पाहता पाहता पंचा भरतो; पोटाशी, जेथे केस विरळ, तेथील कातडी काळवंडलेली आणि हाताला राठ लागते. एरवी त्याला फारशी खाज नसते; परंतु पावसाळ्यात अंग नीट वाळले नाही, त्या कातडीत जंतूंनी घर केले, की तो रात्र रात्र अंग चावीत बसतो. मग औषधी शाम्पूचा फेस अंगावर मुरेपर्यंत त्याला न्हाणीघरात थोपवून धरायचे, आणि त्यानेही मान खाली घालून, अधूनमधून हात चाटीत, ते सारे सोसायचे, असा आमचा परिपाठ आहे. रोग आटोक्यात राहतो, बरा होत नाही. आयुष्य त्याने घटत नाही आणि तो कोणाला लागतही नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. तरीही शेजारच्या काकू पदर सावरून दोन पावले लांब उभ्या राहतात आणि हळहळून म्हणतात, “भोग आहेत हो बिचाऱ्याचे! भोगल्याशिवाय सुटका आहे का कुणाची?”

काकूंच्या या उद्गारामागे मोठी दर्शनपरंपरा उभी आहे, आणि तिला हसण्यावारी नेणे उचित नव्हे. जगातील विषमता पाहून ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येतो. त्यावर, ईश्वर प्राण्यांच्या कर्माला अनुसरून फळ देतो, म्हणून हा दोष त्याच्याकडे जात नाही, असे समाधान बादरायणांनी ब्रह्मसूत्रांत केले आहे. कर्म मानले नाही तर, न केलेल्याचे फळ भोगावे लागणे आणि केलेल्याचे फळ बुडणे, अशा दोन्ही आपत्ती पत्कराव्या लागतात, हा युक्तिवादही तितकाच बळकट आहे. परंतु ही कैफियत ईश्वराच्या बचावार्थ दाखल झालेली होती. ती माणसाने आपल्या बचावासाठी परस्पर वापरावी, याला कोणत्या शास्त्राची मुभा आहे?

कारण या मामल्यात माणसाचा हात उघड दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्कॉटलंडमधील आपल्या गिसाकन येथील जहागिरीत, लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी 1868 साली नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांचा संकर घडवला, आणि त्यातून शिकारीत टिपलेले पाखरू अलगद उचलून आणणारी ही सोनेरी जात पुढे आकाराला आली. जातीची शुद्धता राखायची म्हणजे आप्तांतच संबंध करायचे, आणि नावाजलेल्या मोजक्या नरांपासून शेकडो पिले घ्यायची, ही वहिवाट पडली. मूळ दोष माणसाने निर्माण केला असे नाही; पण जो एरवी विरळ आणि सुप्त राहिला असता, त्याला जोडीदार मिळवून देण्याचे काम या वहिवाटीने केले. आईबाप दोघेही दिसायला निरोगी, परंतु दोघांच्याही अंगी सदोष जनुकाची एकेक प्रत दडलेली. अशा जोडप्याच्या सरासरी चार पिलांपैकी एकाला दोन्ही प्रती मिळतात आणि रोग प्रकट होतो. पीएनपीएलए1 हे ते जनुक 2012 साली सापडले, आणि त्याच संशोधनात काही मानवी कुटुंबांतील तशाच त्वचाविकाराचे मूळही त्याच जनुकात आढळले. सर्वाभूती एकच तत्त्व पाहावे असे सांगणाऱ्या परंपरेला याचे नवल वाटू नये. पण इतका जवळचा दाखला तिला क्वचितच मिळाला असेल.

आता कर्मसिद्धांतच प्रमाण मानू. पशूंची योनी ही भोगयोनी, तीत नवे कर्म घडत नाही, कर्माचा अधिकार मनुष्ययोनीलाच, असे तोच सिद्धांत सांगतो. मग ज्या व्यवहारात कुत्रा केवळ भोक्ता आणि माणूस एकटाच कर्ता, त्यात हिशेब कोणाच्या नावे निघेल? त्याच्या पूर्वजन्माचे दप्तर आपल्यापुढे नाही. आपल्या या जन्मीच्या हौसेचे मात्र उघडे पडलेले आहे. माझ्या मते कर्माचा विचार प्रथमपुरुषी एकवचनातच करण्याजोगा आहे: माझे दुःख माझ्या कर्माचे म्हणणाऱ्याला त्याने धैर्य येते, तुझे दुःख तुझ्या कर्माचे म्हणणाऱ्याला केवळ सवड मिळते.

एवढे मान्य केले म्हणजे कर्तव्य ठरवण्यास फार पांडित्य लागत नाही. देखण्या रूपाला भुलून लोक याच्यासाठी जोडीची तजवीज घेऊन येतात, त्यांना नकार द्यायचा. आणि ज्यांना पिले हवीच आहेत त्यांनी नर-मादी दोघांच्याही रक्ताची जनुकीय तपासणी आधी करून घ्यावी, असे सांगायचे. जे दुःख अद्याप आलेले नाही ते टाळावे, हा पतंजलींचा उपदेश इथे अक्षरशः आचरता येतो. आणि जे येऊन चुकले आहे त्याची सेवा करायची, पण ती दया म्हणून मिरवायची नाही. वैश्वदेवाच्या वेळी गृहस्थाने कुत्र्यासाठी अन्नाचा भाग जमिनीवर काढून ठेवावा, असे धर्मशास्त्र सांगते, आणि हा भूतयज्ञ नित्यकर्मांत मोडतो. नित्यकर्माने पुण्य साचत नाही, ते चुकवल्यास दोष मात्र लागतो. फणी, शाम्पू आणि पंचा यांचा आमचा परिपाठही मी त्याच सदरात घालतो. सरमेला त्या मंडपात शब्दाने देता येईल असे उत्तर नव्हतेच; मार थांबवणे आणि मारलेल्याची शुश्रूषा करणे एवढेच राजाच्या हाती होते, आणि तेवढेच आपल्याही हाती आहे.