बालकाच्या हाती मोबाइल : शांतता कोणाची, खर्च कोणाचा?



जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर इमामाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. लहान मुलाला मोबाइल दाखवणे जायज आहे काय? विचारणारा बहुधा तरुण बाप असतो. त्याला एक यादी हवी असते : अमुक कार्टून चालेल, तमुक चालणार नाही, संगीत नसेल तर हरकत नाही, नात असेल तर उत्तमच. अशी यादी देणे कठीण नाही. परंतु मूल दीड-दोन वर्षांचे असेल, तर पडद्यावर काय आहे हे विचारण्याआधी दुसरेच काही विचारावे लागते. मोबाइल त्याच्या हाती आपण कशासाठी दिला?

मूल गप्प बसावे म्हणून. उत्तर इतके साधे आहे. भाकरी थापून व्हाव्यात, पाहुण्यांशी दोन शब्द बोलता यावेत, रात्रपाळी करून आलेल्याला घटकाभर झोप लागावी. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. मूल गप्प बसते, घास न कुरकुरता गिळते. ही शांतता हवी होती आपल्याला, आणि ती विकत घेतली मुलाच्या खात्यातून. खरी अडचण येथे आहे.

आपल्या धर्मशास्त्रात अजाण बालकाच्या मालमत्तेच्या पालकाविषयी, म्हणजे वलीविषयी, स्पष्ट मर्यादा घातल्या आहेत. ती मालमत्ता त्याच्या ताब्यात असते, मालकीची नसते. तिचा व्यवहार त्याने मुलाच्या हितासाठी करावयाचा असतो. सूरह निसाच्या आरंभी अनाथांच्या मालाविषयी जी शिकवण आली आहे, तिच्यात आणखी एक बारकावा आहे : जो पालक सुखवस्तू आहे त्याने त्या मालाला हात लावू नये, आणि जो गरजू आहे त्याने रीतीला धरून, माफक घ्यावे. हा आदेश अनाथांच्या मालाविषयीचा आहे, आपल्या मुलांना तर आईबाप आहेत, असे कोणी म्हणेल. मान्य. मी येथे फतवा देत नाही. तुलनेचा उपयोग एवढाच की, स्वतःचे राखू न शकणाऱ्या जीवाचे जे काही आपल्या हाती आहे, ते खर्चताना आपला हात कसा असावा हे तिच्यातून कळते. दोन वर्षांच्या मुलाजवळ ना शेत आहे ना सोने. त्याच्याजवळ त्याचे जागेपणीचे तास आहेत, आणि त्या तासांत जग टिपणारे डोळे व कान आहेत.

कुरआनात, सूरह नहलमध्ये, माणसाला याच संपत्तीची आठवण करून दिली आहे. आईच्या उदरातून तो काहीही न जाणता बाहेर आला आणि अल्लाहने त्याला ऐकणे, पाहणे आणि हृदय दिले. तेथे ऐकण्याचा उल्लेख आधी आहे. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये मुलाला आईबापांजवळची अमानत म्हटले, आणि त्याच्या हृदयाला असे निर्मळ रत्न म्हटले की ज्यावर अजून कोणतेही चित्र कोरलेले नाही, जे कोराल ते उमटेल. मकतबमधून सुटलेल्या मुलाला खेळू द्यावे, खेळ तोडला तर त्याचे मन मरते, हेही त्यांनीच बजावले आहे. तेव्हा मुलाचे खेळणे काढून घ्यावे असा या लेखाचा रोख कोणी समजू नये. तक्रार अशी आहे की मोबाइल मुलाला खेळू देत नाही. चेंडू ढकलला तर घरंगळतो, पातेले आपटले तर वाजते, आईचा पदर ओढला तर आई वळते. पडद्यावरचे चित्र मात्र मुलाने काहीही केले, काहीच केले नाही, तरी चालूच राहते.

आता सर्वांत प्रामाणिक आक्षेप घेऊ. “मौलाना, आम्ही दुसरे काही दाखवतच नाही. कायदा दाखवतो, सूरह फातिहा ऐकवतो. मूल दीनच शिकते आहे ना?”

या भगिनींच्या हेतूची मला कदर आहे. परंतु कुरआन आपल्यापर्यंत कसा पोहोचला याचा विचार करा. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत तो तोंडातून कानात आला. त्याला आपण तल्की म्हणतो : शिष्य उस्तादांसमोर बसतो, त्यांच्या ओठांकडे पाहतो, म्हणतो, चुकतो, उस्ताद थांबवतात, तो पुन्हा म्हणतो. आपल्या खानदेशात अक्कलकुव्याचे नाव हिफ्जसाठी सर्वदूर आहे. तेथेही पाठ समोर बसूनच ऐकवावा लागतो. छापील मुसहफ घरोघर आले, कॅसेट आल्या, तरी ही रीत सुटली नाही. ‘ऐन’ आणि ‘अलिफ’ यांतील भेद मराठी किंवा अहिराणी कानाला आपोआप कळत नाही. समोरचा गळा पाहून तो कळतो.

तान्ह्या मुलांविषयी याच गोष्टीला दुजोरा अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. अमेरिकेतील सिअॅटल येथे पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतील बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसली, पुस्तक वाचून दाखवू लागली, खेळू लागली. बारा बैठका झाल्या. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावरून दाखवले गेले, तितकाच वेळ. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या गटाच्या कानांना चिनी ध्वनींतील भेद कळू लागला. पडद्यासमोर बसलेल्यांना काहीही मिळाले नाही. आवाज तोच, शब्द तेच. उणीव होती ती बाळाकडे पाहून बोलणाऱ्या माणसाची. म्हणून म्हणतो, पडद्यावरची तिलावत ऐकणारे दीड वर्षाचे मूल गोड आवाज ऐकत असेल, ती हराम करमणूक नाही, पण त्याला तालीम समजून आईने स्वतः फातिहा म्हणणे थांबवू नये.

वैद्यकशास्त्राची मर्यादा थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाखालील बाळांसाठी पडदा नकोच असे सांगितले, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तितके चांगले. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर दोन वर्षांपर्यंत मुलांना पडद्यापासून दूरच ठेवा म्हणते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दीड वर्षाखालील मुलांसाठी एक सवलत ठेवली, ती व्हिडिओ कॉलची. ज्या घरातील बाप आखातात आहे किंवा ट्रकवर महिना-महिना फिरतीवर आहे, त्या घरांनी ही सवलत लक्षात ठेवावी. तेथे पडद्यातील माणूस नाव घेऊन हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहतो.

आणखी एक. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, तर सगळे खापर मोबाइलवर आणि मोबाइल दिला म्हणून सुनेवर फोडून मोकळे होऊ नका. मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे न्या, त्याचे कान तपासून घ्या. कारण वेगळे असू शकते, आणि वेळ महत्त्वाचा असतो.

मुलाच्या हातातील मोबाइलइतकाच आपल्या हातातील मोबाइलही या हिशेबात धरावा लागतो. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करताना सांगतात की लोकांपासून गाल फिरवून घेऊ नकोस. ते गर्वाविषयी आहे हे खरे. पण मूल काही दाखवण्यासाठी गुडघ्याला हात लावते, आणि आपण मान वर न करता नुसते ‘हं’ म्हणतो, तेव्हा मुलाला आपला गालच दिसत असतो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याविषयी आपण वाचतो की ते कोणाकडे वळत तेव्हा पूर्ण वळत. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने, अबू उमैरने, एक चिमुकला पक्षी पाळला होता. तो मेला तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्या उदास मुलाला जवळ करून त्याच्या पक्ष्याचे काय झाले म्हणून विचारले, आणि तेही यमक जुळवून, लाडाने. अल्लाहचा संदेश सांभाळणाऱ्या व्यक्तीला तेवढी फुरसत होती. पुढे इब्नुल कास नावाच्या फकीहांनी या एका हदीसमधून साठ बोध काढून दाखवले.

आणि एक खोटे, जे आपल्या घरांत रोज बोलले जाते. मोबाइल परत घेताना आपण म्हणतो, चार्जिंग संपले, बिघडला, कावळ्याने नेला. दोन मिनिटांनी त्याच मोबाइलवर आपण बोलत असतो आणि मूल पाहत असते. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) यांनी आपल्या बालपणाची हकिकत सांगितली आहे : आईने त्यांना काहीतरी देते म्हणून जवळ बोलावले. घरात बसलेल्या प्रेषितांनी (सल्ल.) विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितले की काही दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. मुलाशी बोललेले खोटे हलके असते, ही आपली समजूत या हदीसने काढून घेतली आहे. ‘आता बस, मी देणार नाही’ असे खरे सांगा. रडू येईल. त्या रडण्याजवळ बसा.

कामात असलेली आई मुलाजवळ कशी बसणार, हा प्रश्न उरतो. जळगावजवळच्या असोद्याच्या लेकीचे, बहिणाबाई चौधरींचे नाव आपल्या जिल्ह्यात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. जाते, शेत, चूल यांतून त्यांना सुट्टी नव्हती. ओव्या कामाबरोबर जुळत गेल्या, घरातील मुलांनी त्या ऐकल्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांच्या मावसभावाने त्या टिपून ठेवल्या, म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघू शकले. त्या मुलांना वेगळा वेळ कोणी दिला नव्हता. काम आणि बोलणे एकाच जागी होते. आजही मटार सोलताना, कपडे वाळत घालताना, मुलाला शेजारी बसवून बडबडत राहता येते. मटार थोडे सांडतील.

मात्र सर्व घरे सारखी नाहीत, आणि येथे वलीविषयीचा तो बारकावा पुन्हा उपयोगी पडतो. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, काका-काकू आहेत, तेथे मुलाला मोबाइलला बांधणारा पालक सुखवस्तू आहे. त्याने हात आवरावा. आणि तांबापुऱ्यात किंवा धुळ्याच्या यंत्रमागांजवळ पत्र्याच्या एका खोलीत तीन मुलांना एकटी सांभाळणारी आई गरजू आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही. तिने दिवसातून एकदा वीस मिनिटे मुलाला पडद्यासमोर बसवले, तर ते रीतीला धरून घेतलेले माफक समजावे. तिला गुन्हेगार ठरवणाऱ्यांत मी नाही.

तिची अडचण कमी करणे हे मात्र तिच्या एकटीचे काम नव्हे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. मुलांनी वाचावे म्हणून मोठ्यांनीही बंद ठेवायचे. एका घराने ठरवले असते तर आठवडाभरात मोडले असते. सगळ्या गावाने मिळून ठरवले म्हणून त्याचे नाव झाले. आपल्या मोहल्ल्यांना वेगळा भोंगा लागत नाही. मगरिब ते इशा हा काळ ठरलेलाच आहे, आणि दिवस मावळताना मुलांना घरात घेण्याची शिकवण हदीसमध्ये आहेच. त्या अवधीत घरातील सर्वांचे मोबाइल एका ताकात ठेवावेत, बापाचा सर्वांत आधी.

दुपारचे काय? प्रेषितांनी (सल्ल.) नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढवली. नातू पाठीवर चढला तेव्हा सजदा लांबवला. आपल्या कितीतरी मशिदींत मात्र मूल जरा हसले की पहिल्या सफमधून कोणीतरी डोळे वटारतो. मशिदींच्या विश्वस्तांपुढे मी ही सूचना ठेवतो : एप्रिल आणि मे महिन्यांत जुहर ते असर मकतबची खोली मोहल्ल्यातील पाच वर्षांखालील मुलांसाठी उघडी ठेवावी. दोन वडीलधाऱ्या स्त्रिया, पाण्याचा माठ, चार चटया, लाकडी ठोकळे. गोष्टी सांगायला खाला-नानींना शिकवावे लागत नाही. पंखे तेथे आहेतच आणि त्या वेळी ती खोली रिकामी असते. या रमजानपूर्वीच्या बैठकीत विषय घ्यावा, म्हणजे उन्हाळ्याआधी किल्ली कोणाकडे राहील हे ठरवता येईल.