आजचे फुकट, उद्याचे ऋण

संत्र्याची कलम लावली की फळासाठी पाच-सहा वर्षे थांबावे लागते. वरुड-मोर्शीकडचा शेतकरी तितके थांबतो. तेव्हा लांबचे फळ त्याला दिसत नाही, असे म्हणवत नाही. मग मत देताना लांबचा तोटा त्याला का दिसू नये?

2004 साली निवडणुकीपूर्वी शेतीपंपांची वीज मोफत झाली. 2005 साली ती सवलत गेली. 2024 साली, पुन्हा निवडणुकीच्याच वर्षी, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. वर्षाचा खर्च सुमारे 14,760 कोटी रुपये. बिल शून्य, हे आजच दिसते. वरुडात जिरते त्याहून अधिक पाणी उपसले गेले, बोअर शेकडो फूट खोल गेले; ते मात्र जमिनीखाली घडते. राज्याची बहुतेक वीज कोळशाची. पारसच्या धुराड्यातला धूर दिसेनासा होतो, पण त्याने वाढलेली उष्णता पिढ्यान् पिढ्या राहते.

पूर्वपक्ष म्हणेल, "महाराज, आज चूल विझली तर नातवाचं काय घेऊन बसता?" आक्षेप खरा आहे. बुडत्याला हात दिलाच पाहिजे. परंतु हा हात मिळतो कोणाला? जो जास्त उपसतो त्याला जास्त. अकोल्याकडचा कोरडवाहू कपाशीवाला, ज्याच्याकडे पंपच नाही, तो कोरडाच. आणि पाणी खाली गेले की आधी तोच सुकतो, ज्याला आणखी खोल खणणे परवडत नाही.

कठोपनिषदात यमाने नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांचा भेद सांगितला. पण येथे दोष नुसत्या लोभाचा नाही, असे आम्हांस वाटते. झाड आपल्या धुऱ्याच्या आत असते. खालचे पाणी सगळ्यांचे, म्हणून कोणाचेच नाही. एकट्याने पंप थांबवला तरी शेजारी उपसतोच. शिवाय हे ऋण ज्याने फेडायचे, तो नातू अजून मतदार नाही.

म्हणून हे व्रत एकट्याचे नव्हे. एकादशी सगळे घर धरते म्हणून निभते. दिंडीत पाऊल सर्वांचे एक पडते. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा हिशेब गावासमोर मांडून पिके ठरवली, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. उद्याचा तोटा तेथे आजच चारचौघांत मोजला जातो. आपल्या दारी मत मागायला कोणीही येवो, एवढेच विचारावे: "बाबा, हे फुकटचे फेडणार कोण?" आणि उत्तर नातवाला शेजारी बसवून ऐकावे.