बोक्याचे ब्रह्मचर्य

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे माझे गाव. विनोबा भावे यांचा जन्म इथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. विनोबा, बाळकोबा आणि शिवाजी हे तिघे भाऊ आजन्म ब्रह्मचारी राहिले. अशा गावात एका बोक्याच्या ब्रह्मचर्यावरून आमच्या घरी वाद व्हावा, हा योगायोग गमतीचा खरा. पण वाद काही गमतीचा नव्हता.

आमचा काळू वर्षाचा झाला आणि त्याची लक्षणे पालटली. पडवीच्या खांबावर, भाताच्या कणगीवर, एकदा तर देवघराच्या दारावरही त्याने आपली उग्र वासाची फवारणी केली. रात्रीच्या रात्री तो बाहेर काढी, आणि पहाटे परत येई तो कान फाटलेला, नाहीतर चावा पिकून गालावर गळू झालेले. तिसऱ्या गळवाच्या वेळी पेणचे पशुवैद्य म्हणाले, "मलम किती दिवस लावणार? खच्ची करून घ्या."

घरी येऊन हे सांगितले मात्र, आत्या कडाडली, "मुक्या जिवाचा वंश तोडायचा? आणि कशासाठी, तर तुमच्या भिंती घाण होतात म्हणून!"

मी वैद्यांचे म्हणणे तिला सांगितले. भूल देऊन काही मिनिटांत हे काम होते. त्यानंतर बहुतेक बोक्यांचे फवारणे, भटकणे, भांडणे पुष्कळ कमी होते. बोक्यांच्या चाव्यातून एक विषाणू पसरतो आणि तो मांजराची रोगांशी झुंजण्याची शक्तीच पोखरतो; तो धोकाही घटतो. मात्र बोका सुस्तावून लठ्ठ होऊ शकतो, तेव्हा खाणे बेताचे ठेवावे लागते. आणि एका बोक्याला आवरल्याने गावातली पिल्ले कमी होत नाहीत, दुसरा बोका असतोच. त्यासाठी भाटीचेही ऑपरेशन करावे लागते.

आत्याला यातले काहीच पटले नाही. तेव्हा मी बैलाचा दाखला दिला. नांगर ओढणारा बैल म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हाच. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदासुद्धा, ठरवून दिलेल्या रीतीने केलेल्या खच्चीकरणाला क्रूरता मानत नाही. आत्या म्हणाली, "कायद्यानं सोडलं म्हणजे मनानं सोडलं का रे?"

या प्रश्नाने मी खरोखरच अडलो. रात्री विचार करता करता आठवले, की भाटी व्याली म्हणजे पिल्ले पोत्यात घालून रानात सोडून येणारे आम्हीच. तेव्हा कोणाला मुक्या जिवाचा वंश आठवत नाही. जन्मलेल्या पिल्लाला उपाशी मरू देणे आणि ते जन्मालाच न येऊ देणे, यांत मला तरी दुसरे अधिक दयेचे वाटते.

तरीपण त्याला पुण्य म्हणवेना. विनोबांचा निग्रह थोर, कारण तो त्यांनी स्वतः पत्करला होता. काळूने काहीच पत्करलेले नव्हते. आणीबाणीत, १९७६ साली, माणसांवर नसबंदीची सक्ती झाली. ती अन्यायाची, कारण माणसाला विचारता येते आणि त्याला नाही म्हणता येते. बोक्याला विचारता येत नाही. पण विचारता येत नाही म्हणून आपण मोकळे होत नाही. त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याच्या माथी उलट त्याचे ऋण बसते. त्याला घराची सवय लावली आपण, आता त्याच्यापासून आणखी एक गोष्ट घेतो आहोत. तेव्हा घेतल्याची जाण ठेवून त्याला जन्मभर सांभाळणे, एवढेच आपल्या हाती उरते.

काळूला पेणला नेऊन आणले. संध्याकाळी तो भुलीच्या गुंगीतून उठून झोकांड्या खात कणगीकडे निघाला. आत्याने त्याला उचलून मांडीवर घेतले आणि माझ्याकडे न बघता विचारले, "म्हातारा झाला म्हणजे कोण बघणार याला?"

"मी," मी म्हटले.

"ध्यानात ठेव," आत्या म्हणाली, आणि त्याची पाठ थोपटू लागली.