नवा संच, जुनं नाव

डीप पर्पलच्या चाहत्यांना भांडायला फार निमित्त लागत नाही. ‘खरा पर्पल कोणता?’ एवढं विचारलं की पुरे. 1968 पासून या बँडमध्ये इतकी माणसं आली-गेली की चाहत्यांनी प्रत्येक संचाला मार्क वन, मार्क टू असे क्रमांकच देऊन टाकले. सगळ्या संचांत टिकलेला एकटा ड्रमर इयन पेस. मग नावावर हक्क कुणाचा?

नाशिककराला हा पेच नवा नसावा. नव्या संचातली जुनी नाटकं आपण कालिदास कलामंदिरात पाहत आलोच आहोत. वसंत कानेटकरांचं ‘अश्रूंची झाली फुले’च घ्या. एचपीटी कॉलेजात शिकवणाऱ्या आपल्या गावच्या या नाटककारानं लिहिलेला लाल्या डॉ. काशीनाथ घाणेकरांनी गाजवला. पुढे सुबोध भावेंनी 2018 च्या चित्रपटात घाणेकर रंगवले आणि मग रंगमंचावर लाल्याही केला. तुलना व्हायचीच, पण नाटक खोटं ठरत नाही. लाल्या आधी कानेटकरांच्या संहितेत आहे, नट त्यानंतर.

रॉक बँडमध्ये नट आणि नाटककार एकच असतात. गिटारवाला एक तुकडा घोळवत बसतो, ड्रमर त्याला ठेका शोधतो, गायक त्यावर शब्द बसवतो आणि त्या झटापटीतून गाणं उभं राहतं. त्यातला एक गेला की लिहिणारा हातच जातो. सप्टेंबर 1980 मध्ये ड्रमर जॉन बॉनम वारला आणि लेड झेपलिननं दुकान बंद केलं, ते यामुळेच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट गेला होता. जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ आला. कव्हर काळंकुट्ट. पहिल्याच गाण्यात आधी घंटेचे संथ टोल पडतात, मग गिटार शिरते आणि बऱ्याच वेळानं ब्रायन जॉन्सनचा आवाज फुटतो. गेलेल्याचा मान राखून नवा माणूस नवी गाणी गातो.

क्वीनची तऱ्हा वेगळी. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फ्रेडी मर्क्युरी 1991 मध्ये गेला. त्याचे जुने साथीदार ब्रायन मे आणि रॉजर टेलर आता अ‍ॅडम लँबर्टला घेऊन दौरे करतात. मात्र नावात अधिकचिन्ह घालून. त्यांनी मिळून नव्या गाण्यांचा स्टुडिओ अल्बम केलेला नाही. हे पुनरुज्जीवित नाटक आहे आणि पाटीवर तसं लिहिलेलंही आहे. त्यात फसवणूक कसली?

मुंबईचा रॉक मशीन 1993 मध्ये इंडस क्रीड झाला, 1997 मध्ये विस्कटला. 2010 मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, तेव्हा बास आणि ड्रम्सवर तरुण मंडळी होती. जुन्या गाण्यांवर टाळ्या मिळाल्याच असत्या. तरी त्यांनी 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम केला.

दुटप्पी असतो ते आम्ही चाहते. नवा गायक जुन्यासारखा गायला तर नक्कल, वेगळा गायला तर विटाळ! संचात मूळची माणसं किती, हे मोजण्यात अर्थ नाही. हा संच स्वतःचं काही लिहितो का, आणि लिहीत नसेल तर तसं उघड सांगतो का, एवढं पाहावं. मला मार्क टू प्रिय आहे, ही माझी आवड. पण 1974 चा ‘बर्न’ करणाऱ्या मार्क थ्रीनं ते नाव काम करून कमावलं. त्यासाठी माझ्या परवानगीची गरज नव्हती.