मुलामागें किती?

सार्वजनिक पैशाची वांटणी करतांना मनुष्य दोन प्रकारांनीं अन्याय करूं शकतो: एक, आपल्या माणसाला अधिक देऊन, आणि दुसरा, सर्वांना सारखें देऊन. पहिला सर्वांच्या ध्यानांत येतो. त्याला पक्षपात असें नांव आहे आणि त्याच्याविरुद्ध दादही मागतां येते. दुसरा मात्र न्यायाच्याच वेषांत वावरत असल्यामुळें त्याच्याविरुद्ध बोलणाराच हट्टी ठरतो. शाळांवरील खर्चाच्या बाबतींत हा दुसरा अन्याय कसा घडतो, हें पाहण्यास पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांसारखें ठिकाण क्वचितच सांपडेल.

या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचा माथा आहे. नाणेघाट, आहुपें, भीमाशंकर या भागांत पाऊस उदंड, शेती भाताची व नाचणीची, आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळी लोकांची, डोंगरांच्या कुशींत विखुरलेली. पूर्वेस मंचर, नारायणगाव, आळेफाटा. तेथें पाऊस थोडा, पण ऊंस, द्राक्षें व टोमॅटो यांची बागायत आणि गजबजलेला बाजार. हा चमत्कार धरणांनीं घडविला. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, डिंभें, वडज व पिंपळगाव जोगें या पांच धरणांत डोंगराचा पाऊस सांठतो आणि कालव्यांनीं पूर्वेकडे, पुढें थेट अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत जातो. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नांव मिळालें, तें मूळ गांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. आज तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. पाणी एकाच्या अंगणांतलें आणि पीक दुसऱ्याच्या शेतांतलें, अशी ही वांटणी आहे, आणि शाळेचा विचार करतांना ती विसरून चालणार नाहीं.

आतां पैशाची व्यवस्था पाहूं. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरींतून येतो. पण शिक्षक किती द्यावयाचे हें पटावरून ठरतें. अंगणवाडीचा मुख्य खर्च केंद्र व राज्य मिळून करितात. उरलें तें, म्हणजे इमारतीची डागडुजी, पाण्याची टांकी, विजेचें बिल, खेळणीं, चाकाच्या खुर्चीसाठीं उतार, यांकरितां पुष्कळदां जिल्हा परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या तोंडाकडे पाहावें लागतें. ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नांतून शेंकडा १० महिला व बालकल्याणासाठीं आणि शेंकडा ५ दिव्यांगांसाठीं खर्च करावे, असा महाराष्ट्रांत नियम आहे. नियम चांगला आहे, आणि तो सर्वांना एकच आहे. परंतु ग्रामपंचायतीचें उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टी. बाजाराच्या गांवीं दुकानें, गोदामें व बंगले यांवर कर बसतो. डोंगरांतल्या चार कौलारू घरांवर काय बसणार? शेंकडा ५ हा आंकडा दोन्हीकडे सारखा. पण एके ठिकाणीं त्यांतून एखाद्या मुलाच्या उपचारांची सोय होईल, दुसऱ्या ठिकाणीं एक पांढरी काठी घेतांना हात आंखडावा लागेल. आंधळ्या मुलाचा अंधार मात्र दोन्ही गांवीं सारखाच असतो.

सरकारला ही विषमता अगदींच दिसली नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा शेंकडा ५ निधि थेट देण्याची व्यवस्था २०१५ मध्यें झाली, हें योग्यच झालें. पण तोही लोकसंख्येच्या मानानें वांटला जातो. म्हणजे ज्या मापाविषयीं तक्रार तेंच माप पुन्हां हातांत येतें.

हा वाद नवा नव्हे. १८६९ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानें सारा-रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांचा मुख्य आक्षेप हाच होता, कीं पैसा शेतकऱ्याच्या घामांतून उभा राहतो आणि त्याच्या मुलापर्यंत त्यांतलें फारच थोडें पोंचतें. पुढें १९११ मध्यें नामदार गोखले यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें, तेव्हां सक्ती लागू करण्याचा अधिकार त्यांनीं स्थानिक संस्थांकडे ठेवला खरा. पण खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारनें उचलावा, अशी त्यांची योजना होती. गांवानें शाळा चालवावी, पण गांवच्या गरिबीनें ती बंद पडूं नये, हें मर्म त्यांनीं ओळखलें होतें. तें बिल १९१२ मध्यें नामंजूर झालें. मर्म मात्र अजून खोटें ठरलेलें नाहीं.

येथें एक समंजस आक्षेप निघतो, आणि त्याला टाळणें बरें नव्हे. पैसा अपुरा आहे. जो शिक्षक डोंगरावर सहा मुलांना शिकवितो तोच खालीं तीस मुलांना शिकवूं शकेल. शिवाय सहा मुलांच्या शाळेंत ना खेळाचा गडी मिळत, ना अभ्यासाची चुरस. याच विचारानें २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी पटाच्या सुमारें तेराशें शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्यें वीसहून कमी पटाच्या शाळांऐवजीं समूह शाळा काढण्याची कल्पना पुढें आली. पुणें जिल्ह्यांतच पानशेतचें उदाहरण तिच्या पुष्टीसाठीं दिलें गेलें. मुलांना सोबत हवी, हें खरेंच आहे. पण गाडी रोज येईल, पावसाळ्यांत ओढा उतरेल, रस्त्यांत बिबट्याचें भय नसेल, या अटी पुऱ्या होतील तेव्हांच ही सोय. शिक्षणहक्काच्या नियमांत पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी असें म्हटलें आहे, तें कांहीं उगीच नव्हे. गाडीचें वचन मोडलें तर बंद झालेली शाळा परत येत नाहीं, आणि त्या वर्षीं सात वर्षांची असलेली मुलगी पुन्हां सात वर्षांची होत नाहीं.

शिवाय या हिशेबाची खरी परीक्षा सात वर्षांच्या मुलापाशीं नाहीं. ती चार वर्षांच्या मुलापाशीं आणि दिव्यांग मुलापाशीं आहे. चार वर्षांचें मूल गाडीत घालून डोंगर उतरवितां येत नाहीं. त्याच्याकडे शाळेनेंच जावें लागतें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी व कोसबाड येथें हेंच केलें; मूल शाळेंत येत नाहीं तर शाळा त्याच्या अंगणांत नेली. तरीही आपला कायदा सहा वर्षांच्या उंबरठ्यावर भाषा बदलतो: सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षण हा हक्क, आणि त्याआधीं शासन ‘प्रयत्न करील’. जें वय सर्वांत दुबळें, त्याच्या वांट्यास सर्वांत दुबळें क्रियापद आलें आहे. दिव्यांग मुलाच्या बाबतींत २०१६ च्या कायद्याची भाषा भक्कम आहे. ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहापासून अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यानें दिला. पण वाडीवर असें मूल एकच असतें. एका मुलासाठीं फिरता विशेष शिक्षक डोंगर चढून येणें, हें सरासरीच्या वहीत नेहमीं उधळपट्टी म्हणूनच मांडलें जाणार. मुलामागें किती, हा प्रश्न विचारला कीं तें मूल हरलेंच. या मुलाला शिकण्यासाठीं काय लागतें, असें विचारलें तरच त्याला जागा मिळते.

कोणी म्हणेल, ही दया झाली, न्याय नव्हे. एका गांवच्या कमाईवर दुसऱ्या गांवच्या मुलाचा काय अधिकार? येथेंच त्या पांच धरणांकडे पुन्हां पाहावें लागतें. पूर्वेची कमाई केवळ पूर्वेची नाहीं. तींत पश्चिमेचा पाऊस आहे, बुडालेलीं खाचरें आहेत, उठलेलीं गांवें आहेत. पूर्वेच्या शेतकऱ्याचे कष्ट खरे आहेत, आणि त्यांना कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण कष्टांनीं विहीर खोदतां येते, पाऊस पाडतां येत नाहीं. म्हणून वरच्या वाडीच्या शाळेसाठीं जिल्ह्यानें व राज्यानें अधिक द्यावें, हें मागणें औदार्याचें नसून हिशेबाचें आहे.

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख याच्याशीं ताडून पाहण्यासारखे आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तेथें दान देणारांनीं बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे रकमा ठेविल्याची नोंद आहे. दान देऊन मोकळें होण्यापेक्षां तें ठेव म्हणून सोंपविणें त्यांना अधिक भरवशाचें वाटलें असावें. कारण दानाला दात्याची मर्जी पुरते, ठेवीला मात्र हिशेब द्यावा लागतो. डोंगरानें आपलें पाणी खालीं सोंपविलें आहे. त्याच्या मुलांसाठीं शाळा, अंगणवाडी आणि त्या एका मुलाचा शिक्षक मागणें हा त्या ठेवीचा हिशेब विचारणें आहे. आणि हिशेब विचारणाराला कोणी याचक म्हणत नाहीं.