दगडातल्या खाचा

आजचे वचन : योहान १५:१३



मागच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये डर्बीशायरला होते. स्टोनी मिडलटनहून शेतांतल्या पायवाटेनं ईम गावाकडे चालत निघाले. कुरणं, मेंढ्या, दगडी गडगे. मध्येच एक मोठा दगड लागतो. त्याला बोटभर खाचा आहेत. मी त्यात बोट घालून पाहिलं.

१६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर ईममध्ये प्लेग शिरला, असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये पाळक विल्यम मॉम्पेसन गावाला म्हणाले, साथ संपेपर्यंत कुणीही हद्द ओलांडायची नाही. लोकांचा त्यांच्यावर फारसा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी आधीचे पाळक थॉमस स्टॅनली यांची मदत घेतली. दोघांचे धार्मिक मतभेद मोठे, तरी या कामात ते एकत्र उभे राहिले. आणि गाव थांबलं! बाहेरचे लोक हद्दीवर धान्य ठेवायचे. गावकरी या खाचांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे ठेवायचे, कारण पैशातूनही रोग जाऊ नये. सुमारे २६० माणसं दगावली.

पुढे सेंट लॉरेन्स चर्च. आवारात मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरिन यांची कबर आहे. मुलांना आधीच बाहेर पाठवलं होतं. त्या मात्र नवऱ्याजवळ राहिल्या आणि ऑगस्ट १६६६ मध्ये गेल्या.

त्या कबरीपाशी मला आठवलं ते माझंच भांडण. २०२० च्या ईस्टरला चर्च बंद होतं. मी आईवर चिडले होते, "दार लावून बसायचं, हा कसला विश्वास?" आई एवढंच म्हणाली, "शेजारच्या आजी आजारी आहेत गं." मी ऐकलं नाही.

आणि इथे? पाळकांनी स्वतःच चर्चचं दार लावलं होतं. उपासना उघड्या दरीत व्हायची, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी राहायची. त्यांचा विश्वास कमी नव्हता. शेजाऱ्यावरची प्रीती मोठी होती.

मित्रासाठी जीव देणं म्हटलं की आपल्याला काहीतरी भव्य दिसतं. पण ईमच्या लोकांनी काय केलं? ते फक्त गेले नाहीत. ज्यांची नावंही माहीत नव्हती, त्यांच्यासाठी थांबले.

आज तुम्हाला कुणासाठी थांबायचंय? परत आल्यावर मी आईची माफी मागितली. चार वाक्यं होती, पण वर्षं लागली.

प्रार्थना : प्रभू येशू, तू आमच्यासाठी वधस्तंभावर थांबलास. आम्हालाही थांबायला शिकव. आमेन.