समान शत्रू आणि समान दुःख

परग्रहावरून कोणी आले तर पृथ्वीवरील माणसे आपापली राष्ट्रे विसरून एक होतील, ही आशा विज्ञानपटांनी दीर्घकाळ जोपासली आहे. तिच्यातील उणीवही एका नामवंत विज्ञानपटातच दिसते. रॉबर्ट वाइज यांच्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) या अमेरिकन चित्रपटात क्लातू हा परग्रहवासी वॉशिंग्टनला उतरतो आणि सर्व राष्ट्रांच्या प्रतिनिधींना एकत्र बोलावण्याची विनंती करतो. सभा मॉस्कोत भरावी की वॉशिंग्टनमध्ये, यावरच एकमत होत नाही. शेवटी तो बजावतो की, मानवाची हिंसा पृथ्वीबाहेर पोहोचली तर पृथ्वी भस्मसात होईल. येथे ऐक्य येते ते धाकाने. धाकाने माणसे एका रांगेत उभी राहतात. ती एकमेकांची होतातच असे नाही.

जपानी चित्रपट ‘गोजिरा’ वेगळ्या वाटेने जातो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडा यांचा हा चित्रपट पडद्यावर आला. त्यातील महाकाय प्राणी अशाच चाचण्यांनी जागा झालेला आहे. आगगाडीतील एक तरुणी आपण नागासाकीतून वाचल्याचे सहज बोलून जाते. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत एक अमेरिकन पत्रकार आला आणि नागासाकीचा तो उल्लेख गळला. जे गळले ते केवळ जपानचे नव्हते. परक्या प्रेक्षकाला त्या दुःखापर्यंत नेणारी वाटच बुजली.

राष्ट्रीय स्मृतीतही धोका असतोच. स्वतःची जखम दाखवणारे राष्ट्र स्वतः केलेल्या जखमा विसरू शकते, आणि जपानच्या युद्धकालीन आक्रमणाविषयी ‘गोजिरा’ही मौनच पाळतो. तथापि त्यातील शास्त्रज्ञ सेरिझावा या धोक्यापुढे एक पाऊल टाकतो. देशाला वाचवू शकेल असे अस्त्र त्याच्यापाशी आहे. ते तो एकदाच वापरतो. पण तत्पूर्वी टिपणे जाळतो आणि ते रहस्य कोणत्याही राष्ट्राच्या हाती पडू नये म्हणून समुद्रतळाशी स्वतःही प्राण सोडतो. या ‘कोणत्याही’मध्ये त्याचा स्वतःचा देशही येतो.

माणुसकीसाठी राष्ट्र पुसून टाकावे लागत नाही. आपल्या दुःखाने मिळालेले शहाणपण आपल्याही सत्तेला लागू करण्याचे धैर्य मात्र लागते.